अंगावर न आलेला खून

आर्णी
१ सप्टेंबर २०२५

इंद्रजीत,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवरही केलंस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे स्पीडपोस्टनं पाठवतेय. फाडून टाकायचं तर वाचून फाड. मोठी बहीण आहे, तेवढा मान ठेव.

तुमच्या त्या कार्यक्रमाला मी नव्हते. तिथं काय झालं ते मी थोडं याडीकडून (पुण्यातल्या लोकांसमोर तू तिला आई म्हणतोस, मी याडीच म्हणणार) आणि थोडं तुझ्या आरडाओरड्यातून जुळवलंय. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तुमच्या फिल्म क्लबाला परदेशातून एक जुना सिनेमा मिळाला. पन्नासच्या दशकातला, कृष्णधवल, खुनाचा, आणि लाल-निळ्या काचांच्या कागदी चष्म्यातून बघायचा. त्यात वस्तू पडद्यातून बाहेर येतात म्हणे. तू तर नाचलाच असशील, कारण बा आपल्याला लहानपणी हाच सिनेमा सांगायचा. लग्नानंतरच्या वर्षी आर्णीच्या यात्रेत, तंबू टॉकीजमध्ये, याडीला घेऊन पाहिलेला. इंग्रजी नाव तंबूवाल्याला झेपलं नसावं. त्यानं पाटीवर लिहिलं होतं, 'अंगावर येणारा खून'. बा सुरी अंगावर आल्याची नक्कल करायचा आणि तू दर वेळी माझ्या मागं लपायचास. पुढं सिनेमाचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं ते तिथूनच.

तर बा आता नाही, पण तो सिनेमा यात्रेत पाहिलेलं माणूस आपल्या घरात आहे, हे तुझ्या लक्षात आलं. याडी पुण्यात तुझ्याकडे होतीच. तिला नवी साडी नेसवून पहिल्या रांगेत बसवलंस आणि सिनेमा संपल्यावर तिच्या हातात माईक दिलास. इथवर सगळं छान.

मग याडी म्हणाली, हा तो सिनेमाच नाही. आमच्या सिनेमात सुरी अंगावर आली नव्हती, ती आत गेली होती. अंगावर आलं होतं ते मागचं कपाट, आणि कपाटाच्या आडून बघणारी बाई. खून तिनंच केला हे आम्हाला सुरुवातीलाच कळलं होतं, पोलिसांनाच कळत नव्हतं. आणि तिकडचे सगळे लोक डाव्या हातानं जेवतात, सुरीही डाव्याच हातानं मारतात.

लोक हसले. तू म्हणतोस प्रेमानं हसले. याडीला त्यातलं प्रेम ऐकू आलं नाही. घरी आल्यावर तू तिला म्हणालास, "तुझ्या डोक्यात भलतंच काहीतरी तयार होतंय." मग एकदा गॅस चालू राहिला होता ते काढलंस, सोसायटीचं गेट चुकली होती ते काढलंस. आता ती एकटी राहू शकत नाही, तांड्यातलं घर बंद करायचं, दसऱ्याला गाडी घेऊन येतो आणि कायमची नेतो, असा निकाल देऊन मोकळा झालास. सोयाबीन निघेस्तोवर तरी राहू दे, असं भांडून मी तिला घेऊन आले. गॅस काय, माझाही राहतो. मला कुठं नेणार आहेस?

आता इथलं ऐक. याडी तांड्यातून मला दुकानात फोन करते आणि विचारते, "ममता, मी भाजीत मीठ घातलं असन का वं?" चाखून बघ म्हटलं तर म्हणते, "माह्या जिभेचं काय खरं?" (ती बोलते आपल्या बंजाऱ्यांच्या गोरमाटीतच. मी वऱ्हाडीत उतरवतेय, कारण गोरमाटीत लिहिलं तर आता तुलाही अडखळायला होईल.) कुणाची म्हैस कधी व्याली, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, हे सारा तांडा जिला विचारायला यायचा, ती बाई प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणते, "असं मले वाटते बा, खरं का खोटं देव जाने." हे मला बघवत नाही, इंद्रजीत. रडू येतं आणि तुझा रागही येतो.

म्हणून मी ठरवलंय, या सिनेमाचा छडा लावायचा. यात्रेत तेव्हा काय दिसलं होतं ते शोधून काढायचं. तिची आठवण खरी निघाली तर दसऱ्याला तू गाडी रिकामी परत न्यायचीस. खोटी निघाली तर मी स्वतः तिची पेटी भरून देईन. कबूल?

ममताबाई


आर्णी
८ सप्टेंबर

इंद्रजीत,

हे पत्र लिहिताना माझं तोंड कडू झालंय. पण पैज लावली ती मीच, तेव्हा लपवत नाही.

विठ्ठलरावकाकांकडे गेले होते. बाचे जुने दोस्त, आपल्या धुऱ्याला लागून ज्यांचं कपाशीचं वावर आहे तेच. आता ऐकू कमी येतं, बोलायला मात्र अजून दोन माणसांचा जोर. यात्रेतल्या त्या सिनेमाला ते बाच्या शेजारीच बसले होते. मी नाव काढताच खाटेवरून उठून उभे राहिले.

"आवं पोरी, सुरी अशी सन्नकन आली ना, मी तं खालीच बसलो! माह्या म्होरं एक पयलवान होता, त्यानं पायातली वहान काढून पडद्यावर फेकली. तंबूवाला भोंग्यातून शिव्या देऊन राह्यला, का बाप्पा, माह्यं कापड फाटन. तुह्या बानं माह्या दंडाले असं धरलं, का चार दिवस निशाण राह्यलं."

विमलकाकू आतून म्हणाल्या, "आन दुसऱ्या रोजी लोक छत्र्या घेऊन गेलते, तेही सांगा."

खरंच गेले होते. सुरी आली की पुरुषांच्या गर्दीत एकदम छत्र्या उघडायच्या आणि मागच्यांना काही दिसायचं नाही, त्यावरून मारामाऱ्या झाल्या. तंबूवाल्यानं मग दारावर छत्र्या काढून घ्यायला माणूस बसवला. इंग्रजी सिनेमाचं काय चाललंय हे सांगायला भोंग्यावर एक माणूस असायचा. सुरीच्या वेळी तोही ओरडायचा आणि पुढची गोष्ट सांगायची विसरायचा. आमच्या गावच्या यात्रेत असं काही घडलं होतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळतंय.

मग धीर करून विचारलं, "काका, खून करणारी बाई पहिल्यापासून दिसत होती का? कपाटाच्या मागं?"

"बाई? कोनती बाई? ते तं पार शेवटी सापडली. तोवर आम्ही समदे मुनीमजीवर शक घेऊन बसलो होतो. कपाटाच्या मांगं कोनी नोतं."

"आणि डाव्या हातानं जेवत होते का ते लोक?"

काका विमलकाकूंकडे बघायला लागले. मी कशावरून आले, मला बरं आहे ना, अशी ती नजर होती. पुण्यात याडीकडे लोकांनी कसं बघितलं असेल ते मला त्या एका नजरेत समजलं.

बा आयुष्यभर हेच सांगत होता, आणि याडीनं मध्ये तोंड घातलं की म्हणायचा, "तुले काय माहीत? तू झोपली होती." आपण दोघंही हसायचो. काकांचं आणि बाचं सगळं तंतोतंत जुळतंय, आणि याडीचं काहीच जुळत नाही.

हे पत्र टाकू की नको असं झालं होतं. पर्समध्ये घेऊन फिरले. पण सुखीबाई अजून बाकी आहे. याडीची मैत्रीण, तिच्याबरोबर सिनेमाला गेलेली. सध्या राळेगावकडे मुलाच्या तांड्यावर असते. तिला भेटल्याशिवाय मी हार मानत नाही.

ममताबाई


आर्णी
१५ सप्टेंबर

इंद्रजीत,

तू उत्तर पाठवलंस! तेही कुरियरनं. चार ओळीच, पण पाठवलंस. मी काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं आणि एका पोरीला झेरॉक्सच्या जागी लॅमिनेशन करून दिलं.

तू लिहितोस: पैज तू हरलीस. सिनेमा मी थांबवून थांबवून बघितलाय, कपाटाजवळ कुणी नाही. तेव्हाच्या समीक्षकांनीही त्याला ह्याचसाठी झोडपलं होतं, की सुऱ्या फेकण्यापलीकडं यात काही नाही, खून करणारी शेवटी आभाळातून पडते, आधी कुठं तिचा मागमूस नाही. दसऱ्याला येतो.

समीक्षकांचं राहू दे. आता सुखीबाईंचं ऐक.

याडीला मी बरोबर नेलं नाही. नेलं असतं तर तू म्हणाला असतास, दोघींनी बसून ठरवलं. एसटीनं यवतमाळ, तिथून राळेगाव, पुढं काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन तांडा. सुखीबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी कुणाची कोण हे सांगितलं, चहा झाला, आणि मी एवढंच विचारलं, "मावशी, यात्रेतला तो चष्म्याचा सिनेमा आठवतो का?"

ती हसायलाच लागली. "आठवत नाही तं! कपाट आलं ना वं अंगावर! आन त्या कपाटाच्या मांगं ते बाई, माह्या नाकाले तिचं नाक लागते का काय! मी तुह्या याडीले, बिजलीले म्हनलं, हेच हाय मारनारी. बिजली म्हने, हो, हेच. मंग आम्ही समद्या बाया बोंबलून राह्यलो त्या पोलिसाच्या नावानं, का अबे गधड्या, मांगं पाह्य ना! तो काही पाह्येच ना."

"आणि सुरी?"

"सुरी गेली तिकडं आत. मानसं कायले ओरडून राह्यले होते, काही समजे ना आमाले."

इंद्रजीत, बघ. याडीनं सांगितलेलं, शब्दन् शब्द तेच. त्या दोघी गेली कित्येक वर्षं भेटलेल्या नाहीत, सुखीबाईंकडे साधा फोन नाही. एकीचं डोकं फिरलं म्हणावं तर दोघींचं एकाच जागी कसं फिरेल? आणि काका खोटं बोलतायत म्हणावं तर बा पण खोटा? एकच तंबू, एकच रीळ, आणि गोष्टी दोन.

मी म्हटलं, "मावशी, ते लोक डाव्या हातानं जेवत होते का?"

"मंग! डावखुरेच होते समदे. पर ते एकाच सिनेमात नाही, आमच्या बाजूनं समदे सिनेमे डावखुरेच राहत. देवाचा सिनेमा आला तं देवबी डाव्या हातानं आशीर्वाद दे."

"आमच्या बाजूनं म्हणजे?"

"बायाइच्या बाजूनं." मी इतकं साधं कसं विचारते याचं तिलाच नवल वाटलं. "मंधात कापड. मानसं इकडं मशीनकडून, बाया त्या अंगाले. कापड ओलं करत, मंग इकडूनबी दिसे, तिकडूनबी."

मी शेंगांच्या टोपल्यावर हात टेकून बसून राहिले.

आपल्या लहानपणी तंबू गेले आणि पक्कं थिएटर आलं, म्हणून आपल्याला हे ठाऊकच नाही. तंबूच्या मधोमध पडद्याचं कापड. एका अंगाला यंत्र आणि पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. बायका सगळे सिनेमे मागच्या बाजूनं बघायच्या. उजवा हात डावा दिसायचा. पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसत असणार, पण त्यातल्या कितीजणींना वाचता येत होतं? त्यांना ते कधी खटकलंच नाही. शहरातली माणसं डावखुरी असतात असं समजून त्या घरी आल्या.

मी तिथूनच कुणाचा तरी फोन घेऊन याडीला लावला. म्हटलं, "याडी, तू पडद्याच्या मागं बसली होतीस, हे काहून नाही सांगितलं कधी?"

"मांगं कायले?" याडी म्हणाली. "पडदा तं माह्या समोर होता."

आता सुरी आत का गेली आणि कपाट बाहेर का आलं, ते मला शोधायचंय. डावं-उजवं उलटणं समजतं. आतबाहेर कसं उलटेल? तुला माहीत असेल तर सांगू नकोस. मलाच शोधू दे.

ममताबाई


आर्णी
२२ सप्टेंबर

इंद्रजीत,

सापडलं. बस आणि नीट वाच.

जुलैमध्ये आपण बोलत होतो तेव्हा तू मला सिनेमाची लिंक पाठवली होतीस, ती फोनमध्ये होतीच. माझ्या दुकानात जिलेटीन कागदाला तोटा नाही. पुठ्ठ्याचे चष्मे केले, डाव्या डोळ्याला लाल, उजव्याला निळा. मग एक डोळा मिटायचा, दुसरा उघडायचा, पुन्हा उलट, असं करत बसले. तुझा दाजी पूनमसिंग ड्युटीवरून आला, मला बघून म्हणाला, "डोळ्यात काही गेलं का?" मी म्हटलं, हो, सिनेमा.

दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात, एवढं तुला माहीतच आहे. सुरी बाहेर यायची असेल तर ती दोन चित्रं एकमेकांपासून एका दिशेला सरकवलेली असतात. कपाट आत जायचं असेल तर उलट दिशेला. आता हेच कापडाच्या मागून बघ. डावं उजवं होतं, त्याबरोबर सरकण्याची दिशाही उलटते. चष्मा मात्र तोच, लाल डावीकडेच. म्हणजे बाहेरचं सगळं आत जातं आणि आतलं बाहेर येतं. पुरुषांच्या अंगावर सुरी आली, बायकांच्या अंगावर कपाट आलं. दोन्ही खरं.

पुण्यात बसून पडताळायचं असेल तर कापडही नको. तुमच्या क्लबाचा कागदी चष्मा मागचा पुढं करून घाल, लाल काच उजव्या डोळ्यावर येऊ दे. मग तो खुनाचा प्रसंग लाव. मी लावला आणि खुर्चीसकट मागं सरकले. कपाटाच्या कडेला, काळोखात, एक कपाळ आणि एक डोळा. मग चष्मा काढून त्याच जागी बोट ठेवून बघितलं. आहे, इंद्रजीत. सरळ बघितलं तरी ती तिथं आहे. ती पहिल्यापासून तिथं होती. तू थांबवून थांबवून बघितलंस, पण थांबवूनही तू सुरीच बघत होतास. सगळं जग सुरी बघत होतं. त्या सिनेमावाल्यानं सुगावा प्रामाणिकपणे ठेवला होता आणि समीक्षकांनी त्याला उगाच झोडपलं. तो कुणाला दिसला असेल तर आर्णीच्या यात्रेत कापडाच्या त्या बाजूला बसलेल्या बायकांना.

एवढं मला कळलं, पण याडीला कसं दाखवायचं? फोनवर दाखवलं तर म्हणाली, "तू म्हनते तं असन." तिला ते पटवून घ्यायचं नव्हतं, इंद्रजीत. तिला ते पुन्हा दिसायला हवं होतं. म्हणून काल रविवारी खेळ लावला.

तांड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रोजेक्टर आहे. दीपमाला मॅडमनी तो दिला, खिडक्यांना ताडपत्र्या लावून दिल्या, आणि स्वतःच सगळ्यात पुढं बसल्या. पडद्याला विठ्ठलरावकाकांचं नवंकोरं धोतर, पाणी मारून ताणलेलं. ते देताना काका म्हणाले, "या वयात धोतर सोडाले लावते पोरगी." इकडं पुरुष, तिकडं बायका. सुखीबाईंना पूनमसिंग मोटरसायकलवर बसवून घेऊन आला होता. दोन मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मग लगेच चष्म्यावरून भांडल्या, कुणाचा जास्त चांगला आहे म्हणून.

सुरी आली. पुरुषांकडून एकच "अबे!" असा आवाज आला आणि खुर्च्या सरकल्या. बायकांकडे क्षणभर काहीच नाही. मग कुणीतरी तरुण पोरगी किंचाळली, "कपाटाच्या मांगं कोनी हाय!" आणि सगळ्या जणी एकदम बोलायला लागल्या. डोकं दुखतंय म्हणून दोघींनी चष्मे काढले. बाकीच्यांनी पोलिसाला शिव्या द्यायला सुरुवात केली. सुखीबाई सर्वात पुढं.

मी याडीकडे बघत होते. चष्म्याखालून तिचे अश्रू ओघळले आणि पुठ्ठा भिजला. नंतर म्हणाली, "तो म्हने, तू झोपली होती. पन्नास वर्सं मले वाटे, झोपलीच असन मी."

तो प्रसंग पुन्हा लावला आणि बाजू बदलल्या. विठ्ठलरावकाका काठी टेकत बायकांच्या बाजूला आले. मग म्हणाले, "हे तं इथंच हाय ना बाप्पा. आन आम्ही मुनीमजीले धरून बसलो होतो." याडीसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "वहिनी, तुमच्या मालकाच्या, भावसिंगच्या संगं मीबी लय हासलो तुमाले."

याडी म्हणाली, "तुमी तरी काय करसान? तुमच्याइकडं सुरी होती."

पैज मी जिंकले. याडीनं कालपासून मला मिठाचं विचारलेलं नाही.

ममताबाई


आर्णी
२५ सप्टेंबर

इंद्रजीत,

काल संध्याकाळी तुझा फोन आला आणि आपण दोघं किती दिवसांनी बोललो. चष्मा उलटा घालून बघितलास, बाई दिसली, तू ओरडलास आणि शेजारचे धावत आले, हे सगळं मी याडीला सांगितलं. तुमचा क्लब तिला पुन्हा बोलावतोय, तिची माफी मागणार आहे, परदेशातल्या त्या संस्थेलाही कळवणार आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, "त्याइले म्हन, तुमीच इकडून येऊन बसा."

तू फोनवर म्हणालास, पैज हरलो, गाडी आणत नाही, याडी तिच्या घरीच राहू दे. मला केवढा आनंद झाला. पण आज सकाळचं तुला सांगायला हवं, आणि ते फोनवर माझ्यानं बोलवणार नाही.

मी तांड्यात गेले होते. याडी ओट्यावर तूरडाळ निवडत होती. तिनं विचारलं, "त्याले समदं लिहिलं का?" म्हटलं, लिहिलं.

"मंग हेही लिह. पुन्यात गॅस चालू राह्यला होता, ते खरं हाय. मले नाही समजलं. मांगच्या सोमवारी मी आपल्याच वावराचा रस्ता चुकली. कॅनॉलवर जाऊन बसली. विठ्ठलरावाच्या गड्यानं आनून सोडलं."

हे मला माहीत नव्हतं. मी लगेच सुरू झाले, की याडी, कुणाचंही होतं असं, सिनेमाचं तर तुला सगळं बरोबर आठवत होतं ना.

"सिनेमाचं खरं निघालं म्हनून हे खोटं होते का?" तिनं डाळीतले खडे काढत विचारलं. "दोनी खरं हाय, माय. आता मले समजते का कोनतं माह्यं चुकलं आन कोनतं नाही चुकलं. मांगच्या महिन्यात तेही समजत नोतं."

मग ती म्हणाली, "पुन्याले मी नाही जात. तिथं कोनी माह्यासंगं बोलत नाही. अन् इथं एकटी राह्यची आता मले भीती वाटते. मी तुह्या घरी येऊ का राह्याले?"

इंद्रजीत, महिनाभर मी तुला काय काय लिहिलं. तिला बघवत नाही, तुला कळत नाही, तिला तिच्या घरात राहू दे. राळेगावापर्यंत एसटीनं गेले, धोतर ताणलं, चष्मे केले. आणि तिनं हे विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात आधी दुकानावरच्या दोन खोल्या आल्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आल्या. पूनमसिंगच्या सकाळच्या ड्युट्या आल्या. आणि मी म्हटलं, "बघते, याडी. घरी विचारून सांगते."

"इचार," ती म्हणाली. पुन्हा डाळीकडे वळली.

दिवसभर दुकानात माझा हात चालेना. घरी विचारायचं असं काही नव्हतंच. पूनमसिंगला दुपारी सांगितलं तर तो म्हणाला, "मंग यात इचाराचं काय हाय?" सासूबाई म्हणाल्या, बोलायला कुणीतरी होईल मला. अडकले होते ती मीच.

दिवस कलता कलता पुन्हा तांड्यात गेले. याडी त्याच ओट्यावर बसली होती. मी तिच्याजवळ बसले, तिचा हात धरला आणि म्हटलं, "याडी, हो. माझ्या घरी ये."

तिनं माझ्याकडे बघितलं. चेहरा इतका हलका झाला, की मला आधी वाटलं, ती घरी यायच्या आनंदानंच.

"मंग मी सकाळी इचारलं होतं ना तुले?" ती म्हणाली. "तू मंग काही कळवलंच नाही. दिवसभर मले वाटे, मी इचारलंच नसन."

तुझी,
ममताबाई